तिसगावचं चार्जिंग

गुडघे हे वाकवून बसण्यासाठी दिलेले असतात, ही गोष्ट साऱ्या नगर जिल्ह्यात ज्या एकाच माणसाला मान्य नव्हती, तो माणूस नेमका माझा व्याही निघाला. माझ्या मुलीचे सासरे सत्तरीला टेकले आहेत. पण पाहुणा म्हणून कुणाच्या घरी ते बूड टेकून बसले, असं पाहिलेला मनुष्य मला परवा-परवापर्यंत भेटला नव्हता. ते येत, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असे उभे राहत, चहा बशीत ओतून, फुंकर मारून उभ्या उभ्याच संपवत आणि "चला, गाडी चालूच आहे" म्हणून निघून जात. गाडी खरोखरच चालू असे. दारात तिची धडधड, आत कपबशांची थरथर. आमच्या मुलीचं लग्नही त्यांनी असंच ठरवलं. विहीणबाई आणि मुलगा आत गादीवर बसलेले, पोह्यांच्या बशा फिरताहेत, आणि हे आपले दारात. मुलीला एकदा नीट पाहून म्हणाले, "मुलगी पसंत आहे. देण्याघेण्याचं नाव काढायचं नाही. नारळ आणा, गाडी चालू आहे." माझी बायको काकुळतीला येऊन म्हणाली, "अहो, निदान पोहे तरी खा." तर म्हणाले, "बांधून द्या." हा आपला मान झाला की अपमान, हे मला लग्नाची शेवटची पंगत उठेपर्यंत ठरवता आलं नव्हतं.

गाडी पेट्रोलची होती आणि पांढरी होती, म्हणजे कधीकाळी होती. एकदा बंद केली की धक्का दिल्याशिवाय चालू व्हायची नाही. सावेडीतल्या आमच्या भागात अशी सुदृढ व्यक्ती सापडणार नाही, जिने तिला एकदा तरी मागून खांदा दिलेला नाही. "अहो व्याही, स्टार्टर बदलून घ्या ना," असं मी एकदा भीत भीत सुचवलं. मुलीच्या बापाने सुचवायचं ते भीत भीतच सुचवायचं असतं. ते म्हणाले, "बदलेन हो, पण मग थांबायची सवय लागेल." गाडी बंद करण्याची सक्ती जगात एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे पेट्रोल पंपावर. म्हणून त्यांनी मुद्दाम उतारावरचा पंप शोधून ठेवला होता. घरापासून लांब पडायचा, पण पेट्रोल भरलं की ब्रेक सोडायचा आणि गाडी आपोआप घरंगळत सुरू व्हायची. टाकी मात्र निम्म्याखाली कधी जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नेम. काटा निम्म्यावर आला की मंगलाष्टकं चालू असली तरी ते अक्षता टाकून पंपाकडे निघत.

या उभ्या माणसापायी सगळ्यात जास्त कोण झुरत असेल, तर त्यांची थोरली बहीण. ती असते तिसगावला, पाथर्डीच्या वाटेवर. सगळे तिला अक्का म्हणतात. व्याह्यांची आई ते रांगत असतानाच गेली. अक्काचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. तिने हे मूल काखेला मारलं आणि सासरी नेऊन वाढवलं. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. यजमान गेले, मुलं कामाधंद्याला लांब. औषधं, चहापत्ती, नगरची शेव असं काहीबाही घेऊन व्याही दर शनिवारी न चुकता तिच्याकडे जात, आणि न चुकता दारातूनच परत येत. गाडीचा आवाज लांबून ऐकला की अक्का चहाचं आधण ठेवायची, बाजेवर वाकळ अंथरायची, आणि भाऊ त्या वाकळेकडे न बघता बशी तोंडाला लावायचा. "बस की रं जरा. वसुलीला आल्यावानी काय करतुस?" असं ती दर खेपेला म्हणे. माझ्यादेखत एकदा म्हणाली, "पाव्हनं, मला काय नगं. ह्यानं एक डाव माज्याम्होरं बसून भाकर खावी, येवढंच हाय. माजं आता किती दिस ऱ्हायल्यात?" व्याही म्हणाले, "अक्का, गाडी चालू आहे." मला त्या दिवशी त्यांचा खरंच राग आला होता.

पुढे गाडीचं पासिंग संपलं. पुन्हा पासिंग करायला नेली, तर तपासणाऱ्या साहेबांनी आधी धूर पाहिला, मग व्याह्यांकडे पाहिलं आणि हात जोडले. आमचे जावई पुण्याला असतात. त्यांनी बापाला न विचारता विजेवरची गाडी घेऊन दारात उभी केली. व्याही तिच्याभोवती चार वेळा फिरले, वाकून धुराडं शोधलं, ते सापडेना. पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनाच्या जागी नुसती सामान ठेवायची पेटी. "पोराला फसवलंय," ते माझ्या कानात म्हणाले, "इंजिन घालायचंच विसरलेत." तरी नवीन वाहन म्हटल्यावर ते शनिशिंगणापूरला न्यायलाच हवं. मला बरोबर घेतलं. मी गाडी चालवत नाही आणि मुलीचा बाप असल्यामुळे नाहीही म्हणत नाही, त्यामुळे त्यांच्या शेजारची जागा कायम माझी. देवाला तेल वाहताना ते पुटपुटत होते ते मी ऐकलं : "देवा, हिला तेल लागत नाही म्हणून तुला विसरलो असं समजू नकोस." दर्शन करून परत आलो तर गाडीभोवती ही गर्दी! दार सताड उघडं, आत गार वारा सुटलेला, गाडी चालू. सवयीने ती चालू ठेवूनच हे उतरले होते आणि आवाजच नसल्याने मलाही कळलं नव्हतं. दुसऱ्या गावात असतो तर चालत घरी यावं लागलं असतं. शिंगणापूर म्हणून गाडी जागेवर होती.

आवाज नसणं हे व्याह्यांना फार जड गेलं. आयुष्यभर ते गाडी कानांनी चालवत आले होते. आता कान रिकामे. मग त्यांच्या नकळत त्यांच्याच घशातून आवाज येऊ लागला. सपाट रस्त्यावर बारीक घुरघुर, चढ आला की घुरघुर वाढे आणि समोर शेळ्या आल्या की "हं, हं, सरका" असं प्रकट बोलणं. डावा पाय नसलेल्या क्लचवर इतक्या जोराने पडे की तिथली चटई महिन्यात झिजली. डावा हात गिअर शोधत शोधत माझ्या गुडघ्यापर्यंत येई आणि एकदा तर करंजी घाटात त्यांनी माझा गुडघा चौथ्यातून तिसऱ्यात टाकला. मी गुडघा तसाच तिसऱ्यात ठेवला. नात्याला जपावं लागतं.

पण खरी पीडा होती ती टक्क्यांची. निम्म्या टाकीचा नेम इथेही लागू झाला आणि तोही वाढीव दराने. पडद्यावरचा आकडा ऐंशीच्या खाली आला की त्यांना घाम फुटे. आकडा मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे. "किती?" "एकोणऐंशी." "आता?" "अहो, एकोणऐंशीच." "नीट बघा, चष्मा पुसा." ही गाडी एका चार्जिंगमध्ये तिसगावला तीनदा जाऊन येईल, असं विकणाऱ्याने सांगितलं, मुलाने सांगितलं, मीही सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं : "कंपनीवाले सपाट रस्त्याचं सांगतात. करंजी घाट त्यांच्या दारात आहे का?" या करंजी घाटात मात्र एक चमत्कार घडला. नगरहून जाताना घाट उतरायचा असतो. उतरता उतरता मी वाचलं, "ब्याऐंशी... त्र्याऐंशी." त्यांनी गाडी कडेला घेतली. "पाहुणे, उतारावर पेट्रोल वाढलेलं जन्मात पाहिलंय का?" त्यांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. मग म्हणाले, "मागं फिरू, पुन्हा वर जाऊ आणि पुन्हा उतरू. असं चारदा केलं तर टाकी फुल्ल होईल." वर जाताना आकडा उतरतो त्याचं काय, हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि अजूनही ते त्यांना पटलेलं आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

या धास्तीतून नवाच उद्योग सुरू झाला. गाडीच्या मागच्या भागात मंडपवाल्याकडे असतं तसं वायरचं भलंमोठं भेंडोळं आलं. कुणाच्याही घरात शिरताना व्याही आता माणसांकडे न बघता भिंतींकडे बघू लागले. "नमस्कार, बरे आहात ना, पंधरा अँपिअरचं सॉकेट कुठंय?" हे सगळं एका दमात. काष्टीला त्यांच्या मावसभावाच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आकडा होता एकाहत्तर, म्हणजे त्यांच्या लेखी गाडी शेवटच्या घटका मोजत होती. त्यांनी गुपचूप स्वयंपाकघरातलं सॉकेट गाठलं. इकडे बायकांनी माईकवर पाळणा सुरू केला आणि दुसऱ्याच कडव्याला फट्! माईक गेला, पंखे गेले, शेजारची पिठाची गिरणीही थांबली. अंधाऱ्या माजघरातून मावसभाऊ ओरडले, "कोन हाय रं त्यो, घरात गिरनी लावतुय?" बाळ तेवढं इतका वेळ रडत होतं ते गप्प झालं. व्याही नेहमीसारखे सटकायला बघत होते, पण आता सटकणार कसे? वायर आत, गाडी बाहेर, मध्ये चिडलेले नातेवाईक.

तिसगावला नवी गाडी पहिल्यांदा गेली, त्या शनिवारी अक्काला पत्ताच लागला नाही. आवाज नाही, मग आधण नाही, वाकळ नाही. व्याह्यांनी दारातून हाक मारली आणि पाठोपाठ विचारलं, "अक्का, पंधरा अँपिअरचं सॉकेट आहे का गं?" अक्का म्हणाली, "पान्याच्या मोटरीचं हाय की, माठापाशी. का रं?" भेंडोळं सुटलं, खिडकीतून वायर आत गेली, पिन खोचली आणि चार्जरवर लाल दिवा लागला. अर्थिंग नाही. अर्थिंगशिवाय हे यंत्र वीज घेत नाही, फार सोवळं आहे त्याचं. वायरमन आला. त्याने ओट्याच्या कडेला खड्डा खणला, नळी पुरली, मीठ-कोळसा भरला आणि सांगितलं, "आज्जे, हितं रोज तांब्याभर पानी वतत जा. माती वाळली का गाडी लाईट घ्यायची न्हाई." अक्काने विचारलं, "आन् पानी वतल्यावर ह्यो बसंल का?" वायरमनला तिचं म्हणणं नीटसं कळलं नसावं. तो म्हणाला, "बसावंच लागतंय. दोन-अडीच तास तरी गाडी हालत न्हाई." अक्का खड्ड्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने तुळशीला पाणी घातलं की लगेच अर्थिंगला घालायला सुरुवात केली. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर तिथे हळदकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती.

पण त्या पहिल्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. व्याही आधी गाडीजवळ उभे राहिले. मग ओट्याजवळ. मग दाराच्या चौकटीला टेकले. मी केव्हाच बसलो होतो आणि दुसऱ्यांदा चहाही घेतला होता. ऊन कलंडलं तसे त्यांचे गुडघे हळूहळू सैल झाले आणि ते बाजेच्या कडेवर, कुणी बघत नाही असं बघून, टेकले. अक्का आतून ताट घेऊन आली. भावाला बसलेला बघून ती जागीच थबकली. ते हडबडून उठायला लागले तशी म्हणाली, "उठू नगंस. तसाच ऱ्हा." ताट समोर ठेवलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा. व्याही खाली मान घालून जेवले आणि अक्का समोर बसून घास न् घास बघत राहिली. भाकरी संपायच्या आत दुसरी पडत होती. मला ते बघताना फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत जे आम्हा कुणाला जमलं नाही ते एका लाल-हिरव्या दिव्याने केलं होतं.

त्यानंतर शनिवार हे असेच जाऊ लागले. अक्का भावापुढे कधी ओला हरभरा टाकी, कधी गवार. हे मुकाट्याने सोलत, मोडत बसत. ती त्यांना लहानपणीच्या गोष्टी सांगे. कुठली म्हैस कुणाच्या रानात घुसली आणि कुणी कुणाला काय म्हटलं. त्या गोष्टींना शेंडा नसे आणि बुडखाही नसे. चार्जिंग मात्र तिसगावला भयंकर हळू होई. राहुरीला वगैरे दोन तासांत आटपायचं, इथे दिवस मावळतीला जाई. व्याही मधून मधून बाहेर जाऊन बघून येत आणि म्हणत, "अजून व्हायचंय. तिसगावला विजेला दाबच नाही." नगरमध्येही ते सगळ्यांना हेच सांगत. मी पाटबंधारे खात्यात जन्म काढला आहे, दाब कमी असणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत असल्यामुळे माझा लगेच विश्वास बसला.

एका शनिवारी मी नेहमीची जागा सोडून माठासमोर बसलो होतो. व्याह्यांची पाठ भिंतीकडे. अक्का पाणी प्यायला उठली. जाताना तिने आधाराला धरावी तशी भिंत धरली, हात बोर्डावरून फिरला आणि बारीकसा टक् आवाज झाला. ती पाणी प्यायली आणि येऊन जागेवर बसली. माझं लक्ष गेलेलं तिने पाहिलं आणि असे डोळे वटारले की मी, एक निवृत्त सरकारी नोकर, शाळेतल्या पोरासारखा गवार मोडायला लागलो. त्याच क्षणी व्याह्यांच्या खिशात मोबाईल टिंग करून वाजला. त्यांनी तो काढलासुद्धा नाही. "मग अक्का, त्या म्हशीचं काय झालं पुढं?" उन्हं खाली आल्यावर अक्का पुन्हा पाण्याला उठली, पुन्हा टक् झालं. भावाला अर्ध्या गाडीनिशी घाट चढायला लावायची तिची तयारी नव्हती.

परत येताना घाटात मी घसा साफ केला. "व्याही, एक सांगू का? रागावणार नाही ना?"

"बटनाचं ना?" ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

मी हो म्हटलं.

"दुसऱ्याच खेपेला कळलं. मोबाईल वाजला, चार्जिंग थांबलं म्हणून. मला वाटलं, लाईट गेली. वर बघतो तर पंखा फिरतोय."

"मग बोलला नाहीत?"

चढाबरोबर त्यांची घशातली घुरघुर वाढली. मग म्हणाले, "पाहुणे, वडील मला शाळेसाठी नगरला न्यायला आले ना, तेव्हा मी अक्काच्या ओट्यावर बसून राहिलो होतो. उठेचना. सगळ्यांनी समजावलं, मारलं, तरी उठेना. शेवटी अक्कानंच उचलून यष्टीत बसवलं आणि मागं न बघता घरात गेली. तेव्हाच ठरवलं, तिथं बसायचं नाही. बसलं की उठताना लई त्रास होतो." यष्टीचं सांगताना त्यांचा 'फार' जाऊन 'लई' आला होता. "आता गाडी बसवते आणि अक्का उठू देत नाही. माझ्या हातात काय राहिलंय? किती झाले बघा." मी पडदा पाहिला, पण आकडा मला धड दिसला नाही. तरी अंदाजाने सांगितला.

परवाच्या शनिवारी गेलो तेव्हा अक्का बाजेवर पडून होती. मध्ये ताप येऊन गेला होता आणि अंगात त्राण उरलं नव्हतं. अर्थिंगला शेजारणीने पाणी घातलं होतं, हिरवा दिवा लागला होता. व्याही तिच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होते. बाहेर गाडी आपली भराभर वीज पीत होती आणि मोबाईल काही वाजत नव्हता. मी पाहिलं, अक्काची नजर पुन्हा पुन्हा माठाकडे जात होती. तिने कोपरावर उठायचा प्रयत्न केला. एकदा केला, परत केला, आणि जमेना तशी डोळे मिटून पडली.

व्याही उठले. "पानी पाहिजे का अक्का? थांब, मी आनतो." ते माठाशी गेले, तांब्या भरला, आणि येताना त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. त्यांच्याच खिशात मोबाईल वाजला. त्यांनी अक्काच्या मानेखाली हात घालून तिला दोन घोट पाणी पाजलं.

"झाली का रं गाडी?" अक्काने विचारलं.

"न्हाई अक्का," ते म्हणाले, "अजून लई येळ हाय." आणि त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि बाजेवर नीट मांडी घालून बसले.